तुर्स्कचा चौक

पाच शहरं आहेत त्या खेळात.
ओर्विन सगळ्यात देखणं:
पांढरा दगड, तीन धबधबे,
बनवणाऱ्यांनी म्हणे दोन वर्षं त्यावर डोळे फोडले.
तिथल्या चौकात एक बासरीवाला असतो, खेळातलाच, खोटा,
येईल त्याला म्हणतो, "बरं झालं आलात."
दिवसच्या दिवस कुणालाच म्हणत नाही.

सगळे तुर्स्कमध्ये.
तुर्स्क म्हणजे माशांच्या पिंपांचं काळपट बंदर,
चिखल असा काढलाय की पडद्याला वास यावा.
सातनंतर माझा जुना कॉम्प्युटर तिथे धापा टाकतो.
माणसं आधी नावं म्हणून उमटतात, मग पाय, मग डोकी.
एकाच्या घोड्यातून दुसऱ्याची टोपी बाहेर येते,
कुणी टपालपेटीवर अजगर उभा करून जेवायला निघून जातं
आणि मागे रांगेतले लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात,
ज्याला जी भाषा येते तिच्यात.

नवी होते तेव्हा विचारलं होतं: इथेच का?
एक जण म्हणाला, पेढी आणि ऐरण यांत अकरा पावलं.
मोजली. अकराच.
ओर्विनच्या पेढीला दोनशे पायऱ्या.
पटलं मला. मी हिशेबाची बाई,
गावच्या पोस्टात सव्वीस वर्षं तिकिटं मोजली,
ते बंद झालं तेव्हा तराजू घरी आणला.

मग बनवणाऱ्यांनी पायऱ्या काढून टाकल्या,
लिलावघर उचलून ओर्विनला नेलं,
वर येईल त्याला रोज एक सोन्याचं नाणं.
लोक गेले. नाणं घेतलं.
बासरीवाल्याचा घसा एक दिवस मोकळा झाला,
आणि दिवेलागणीच्या आत सगळे परत,
चिखलात, एकमेकांच्या पायांत पाय घालून,
काहीही न करता उभे.

आमच्या लाटगालच्या या टोकाला हेच झालं, उलटं.
आधी बँक गेली, मग दवाखाना,
मग शेवटच्या वर्गातली चार मुलं.
द्रोस्मा गेली कारण व्हेल्ता गेली,
व्हेल्ता गेली कारण द्रोस्मा जाणार असं तिच्या कानावर आलं.
तळं आमचंही सुंदर आहे.
पुलाला तर दोन वर्षांपूर्वीच नवा रंग दिला.

इमारतीत चाळीस घरं, तीन उबदार.
रात्री मी लोहार असते.
माझ्या डावीकडे, पिंपाला टेकून, एक बाणवाला,
टोपीला कोल्ह्याचं शेपूट, भाव अवाच्या सवा, तोंड बंद.
चार महिने झाले, जागा बदलत नाही.
मीही नाही.

जानेवारीत, पावणेनऊला, वीज गेली.
मेणबत्ती घेऊन जिन्यात आले.
तिसऱ्या मजल्यावर इल्ग्वार्सचं दार उघडं,
हातात टॉर्च, गळ्यात हेडफोन, वायर लोंबतेय.
वीस वर्षं आमच्यात "लाबदिएन" एवढंच,
तेही हातात पिशव्या नसतील तर.
तो अंधाराला म्हणाला,
"नेमकं बाणांना गिऱ्हाईक लागलं होतं."

मी मेणबत्तीवर हात धरला.
वारा नव्हता.
दोन मजले, एक भिंत, आणि आम्ही दोघे
रोज किती लांब जाऊन शेजारी उभे राहतो
ते पावलांत मोजायचा प्रयत्न केला. जमला नाही.

दिवे आले. दोन दारं लागली.
होते तिथेच मी उमटले, आधी नाव, मग पाय.
डावीकडे कोल्ह्याचं शेपूट.
त्याने चौकाला उद्देशून लिहिलं: वीज गेली होती.
मी लिहिलं: हो का.

मग त्याचे वीस बाण घेतले.
महागच होते.
लोहाराला बाण कशाला, असं त्यानेही विचारलं नाही.